मूल कसे दिसते आहे?

शाळेच्या सिक रूममधले रजिस्टर उघडले की सहसा चार-पाच रकाने दिसतात: तारीख, नाव, इयत्ता, तक्रार, दिलेले औषध. ‘पोटदुखी, गोळी दिली.’ ‘ताप, पॅरासिटामॉल.’ ‘चक्कर, झोपवले.’ हिशेब म्हणून हे रजिस्टर चोख असते. पण मूल दारातून आत आले तेव्हा ते कसे दिसत होते, हे त्यात कुठेच सापडत नाही. चालत आले की दोघांनी धरून आणले, सिस्टरकडे बघून बोलले की भिंतीकडे पाहत राहिले, एका दमात वाक्य पुरे केले की दोन शब्दांनंतर थांबले, हे लिहायला रकानाच नसतो. आणि ज्याला रकाना नाही ते पाहायचेही हळूहळू राहून जाते. शाळेतील परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी तयार झालेल्या या पुस्तिकेचा सगळा खटाटोप त्या न छापलेल्या रकान्यासाठी आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की रोगाचे नाव सांगणे हे शाळेतल्या परिचारिकेचे काम नव्हे. समोरचे मूल धोक्यात आहे का, हे पहिल्या मिनिटात ठरवायचे आणि त्या निर्णयाला धरून हालचाल करायची, हे तिचे काम आहे. हे कौशल्य ‘अनुभवाने येते’ असे म्हणून आपण सोडून देतो. वास्तविक ते शिकवता येते, मोजता येते, आणि न शिकवण्याची किंमत मुले मोजतात.

ही घाई कशासाठी, हे समजायचे तर मुलाच्या शरीराची एक खोड ओळखली पाहिजे. मोठ्या माणसाचे हृदय बहुधा हृदयाच्याच दुखण्याने, कधी कधी अचानक, बंद पडते. मुलांचे हृदय सहसा असे एकाएकी थांबत नाही. आधी श्वास थकतो किंवा रक्ताभिसरण आटत जाते, आणि या वाटेच्या शेवटी हृदय थांबते. म्हणजे मधे वेळ असतो, कधी तासांचा, कधी मिनिटांचा. अडचण अशी, की या मधल्या वेळात मुलाचे शरीर संकट झाकून ठेवते. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या मुलाचे हृदय वेगाने धावू लागते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि रक्तदाब बराच काळ जागच्या जागी राहतो. रक्तदाबाचा पट्टा बांधून आकडा पाहणाऱ्याला वाटते, सगळे ठीक आहे. पण त्याच वेळी हात कोपरापर्यंत गार पडलेले असतात, आणि बोटाचे टोक दाबून सोडले तर दोन सेकंदांत परतायला हवी ती लाली तीन-चार सेकंद परतत नाही. रक्तदाब उतरतो तेव्हा शरीराचे सगळे उपाय संपलेले असतात. मूल हळूहळू घसरत नाही, टिकून राहते आणि मग कोसळते. म्हणून मुलांच्या बाबतीत कोसळल्यानंतरच्या उपचारापेक्षा कोसळण्याआधीच्या खुणा ओळखणे अधिक जीव वाचवते. कृत्रिम श्वास आणि छातीदाब शिकवायलाच हवेत. पण शाळेचे प्रशिक्षण तेवढ्यावरच थांबले, तर आपण परिचारिकेला गोष्टीचा शेवटचा अध्याय तेवढा शिकवतो.

या खुणा पाहण्याची रीत गेल्या काही दशकांत बरीच सुटसुटीत झाली आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० सालाच्या सुमारास आपत्कालीन सेवकांसाठी जो अभ्यासक्रम आणला, त्यात एक त्रिकोण आहे. हात न लावता, स्टेथोस्कोप न काढता, दारातूनच तीन गोष्टी पाहायच्या: मुलाची एकूण चर्या, श्वास घेण्यासाठी त्याला पडणारे कष्ट, आणि कातडीवर दिसणारे रक्ताभिसरण. चर्येत अंगातला जोर येतो, नजर येते, आवाज येतो आणि समजावल्यावर मूल शांत होते का तेही येते. श्वासात नाकपुड्या फुलणे, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे, कण्हणे, शिट्टीसारखा आवाज, पुढे वाकून हात टेकून बसणे. कातडीत पांढरेफटकपणा, निळसरपणा, संगमरवरी चट्टे. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या मुलांच्या गालावर यातले काही सहज दिसत नाही, म्हणून जीभ, ओठांची आतली बाजू, तळहात आणि पापणीचा आतला भाग पाहायचा. ही साधी रीत कितपत विश्वासार्ह? लॉस एंजेलिस परिसरातल्या एका रुग्णालयात ५२८ मुलांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाराशी बसणाऱ्या परिचारिकांनी या त्रिकोणावरून काढलेला अंदाज पुढच्या वैद्यकीय नोंदींशी ताडून पाहिला, तेव्हा स्थिर मूल आणि अस्थिर मूल यांतला फरक त्यांना चांगला ओळखता आल्याचे दिसले. साधने तुटपुंजी असतील तिथेही हेच. मलावीतल्या ब्लँटायर शहराच्या सरकारी रुग्णालयात मुलांची रांग लावण्याची पद्धत बदलली, आलेल्या प्रत्येक मुलाला आधी ‘तातडीचे, अग्रक्रमाचे, थांबू शकणारे’ अशा तीन गटांत घातले आणि तातडीचे उपचार जागेवर सुरू केले. दाखल मुलांमधला मृत्यूदर आधी १० ते १८ टक्के होता, तो ६ ते ८ टक्क्यांवर आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये हीच पद्धत प्रशिक्षणाच्या रूपात जगापुढे ठेवली. ब्लँटायरमध्ये यंत्रे फारशी वाढली नव्हती, बघण्याचा क्रम बदलला होता.

रुग्णालयाच्या दाराशी जे खरे, ते शाळेच्या दाराशी अधिक खरे, कारण शाळेतून निघायला झालेला उशीर पुढे कुणालाच भरून काढता येत नाही. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची छाननी करणारा राष्ट्रीय अहवाल २०१४ मध्ये आला. त्यांतली ४५ टक्के माणसे शेवटच्या झटक्यात वैद्यकीय मदत मागण्याआधी किंवा मदत पोचण्याआधीच गेली होती. मृतांमध्ये २८ मुले आणि किशोरवयीन होते. औषधांची टंचाई नसलेल्या देशातली ही गोष्ट. उणीव होती ती झटका गंभीर आहे हे वेळेत कळण्याची. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून तिथल्या शाळांना आपत्कालीन वापरासाठी सालब्युटामॉलचा पंप स्वतःजवळ ठेवायची परवानगी मिळाली. पण पंप कपाटात असणे आणि तो कधी काढायचा हे कळणे यांत अंतर आहे. दम्याच्या मुलाच्या छातीतला घरघराट थांबला की जवळच्यांना हायसे वाटते. कधी तो औषधाने थांबतो, तर कधी हवा आत-बाहेर होणेच इतके कमी होते की आवाज निघायलाही वारा उरत नाही. दोन्हीकडे शांतता सारखीच. फरक मुलाच्या चेहऱ्यावर असतो: पहिले मूल पाणी मागते, बोलते, दुसरे ग्लानीत जाते, त्याच्या मान-खांद्यांचे स्नायू अजून ओढत असतात. हा फरक न शिकलेल्या डोळ्याला दिसत नाही, आणि शिकलेल्याला पाच सेकंद लागतात.

आता आपल्या मुलखातली एक सकाळ जवळून पाहू. आदिवासी भागातली निवासी आश्रमशाळा, पावसाळ्याचे दिवस, मुली जमिनीवर सतरंजी टाकून झोपतात. पहाटे एक मुलगी पोटात दुखते म्हणून उठते, एकदा उलटी करते. ताप नाही, जखम नाही, सूज नाही. रात्रीच्या जेवणावर संशय जातो, ओव्याचे पाणी दिले जाते, ‘झोपू दे तिला’ असे ठरते. तासाभराने तिच्या पापण्या जड होतात; लोकांना वाटते झोप आली. आवाज नाकातून येतो, थुंकी गिळता येत नाही, ती तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळते. हा मण्यारीचा दंश असू शकतो. मण्यार रात्री चावते, तिचे दात बारीक, वेदना जवळजवळ नाही, खूण शोधूनही सापडत नाही. विष नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मूल शुद्धीवर असते, पण सांगू शकत नाही. इथे परिचारिकेने किंवा अधीक्षिकेने ‘साप कुठे आहे’ हे शोधायचे नाही. तिने मुलीला उठवून बसवायचे आणि तीन गोष्टी करायला लावायच्या: मान न हलवता वर बघ, जीभ पूर्ण बाहेर काढ, एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोज. पापण्या वर जात नसतील, जीभ दातांपाशी अडत असेल, आकडे दर वेळी कमी होत असतील, तर निदानाची वाट न पाहता गाडी काढायची. लाळ गळत असेल तर कुशीवर झोपवून न्यायचे आणि प्रतिविष व कृत्रिम श्वास दोन्ही मिळतील अशाच ठिकाणी न्यायचे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आराखड्यातला प्रतिविषाचा साठा त्या सकाळी उपयोगी पडायचा तर ‘पोटदुखी’ हा शब्द कुणीतरी वेळेत खोडायला हवा.

नुसत्या निरीक्षणाने काय साधते, याचे उत्तर महाराष्ट्राला परके नाही. महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाच्या रुग्णांपाशी बसून तासातासाने काय बदलते ते टिपले: दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, लाळ, उलट्या, आणि नंतर फुप्फुसांत पाणी. त्या नोंदींतून प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा वापर पुढे आला आणि कोकणात हमखास जीवघेणा वाटणारा दंश आटोक्यात आला. औषध पुढचे होते, आधी बघणे होते. इटलीतल्या पार्मा प्रांतात हेच शाळेच्या पातळीवर घडले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांतून आणि डॉक्टरांकडे साधी भित्तिपत्रके लावली गेली: पूर्वी कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, सारखे पाणी पिऊ लागले, तर मधुमेह तपासा. पूर्वी नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुले रक्तात आम्ल साचलेल्या गंभीर अवस्थेत पोचत. पुढच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. एका ओळीची खूण, योग्य भिंतीवर. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत याच न्यायाने सिकलसेलच्या खुणा शाळेला पाठ हव्यात: ताप, अचानक वाढलेला फिकटपणा, पोटाची डावी बाजू फुगणे, छातीत दुखून दम लागणे. यातले काहीही ‘नेहमीचे दुखणे’ म्हणून दुपारपर्यंत थांबवायचे नसते.

कुणी म्हणेल, शाळेतल्या मुलांच्या आरोग्यासाठी योजना काय कमी आहेत? योजना आहेत, आणि चांगल्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली; त्याची फिरती पथके शाळेत येऊन जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे शोधतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करायचे ठरले. पण तपासणी आणि ओळख या वेगळ्या गोष्टी आहेत. पथक वर्षातून ठरलेल्या दिवशी येते. संकट उरलेल्या दिवसांपैकी कुठल्याही दिवशी येते. हृदयाचे छिद्र पथकाला सापडेल, दुपारी मधल्या सुट्टीत लागलेला दम सापडणार नाही. शालेय परिचारिका या पदाचा इतिहासही हाच कल दाखवतो. १९०२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिना रॉजर्स यांची नेमणूक झाली ती संसर्गाच्या नावाखाली घरी पाठवली जाणारी मुले परत वर्गात बसावीत म्हणून. सप्टेंबर १९०२ मध्ये अशी १०,५६७ मुले घरी पाठवली गेली होती, वर्षभराने त्याच महिन्यात १,१०१. यश झगझगीत होते आणि त्यानेच पदाची व्याख्या घडवली: खरूज, उवा, डोळे येणे, लसी, हजेरी. आपल्याकडेही परिचारिकेकडे गोळ्या, वजन-उंची आणि नोंदी आल्या. धोक्यातल्या मुलाची ओळख हे काम कुणी तिच्याकडून काढून घेतले नाही, पण कुणी तिला स्पष्टपणे दिलेही नाही.

या प्रशिक्षणावर घेतले जाणारे आक्षेप हलके नाहीत. पहिला असा, की महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांत परिचारिकाच नाही, मग पुस्तिका कुणासाठी? नवोदय विद्यालयांत परिचारिकेचे पद असते, मोठ्या खासगी शाळांतही असते. आश्रमशाळांत बहुधा अधीक्षक-अधीक्षिकाच रात्रंदिवस मुलांजवळ असतात. आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अभ्यास करायला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, ही गोष्टच सांगते की गरज कुठे सर्वाधिक आहे. पदे भरण्याची मागणी सोडता कामा नये. पण वर सांगितलेल्या खुणांपैकी एकही ओळखायला नर्सिंगची पदवी लागत नाही. परिचारिका असेल तिथे ती शिकेल आणि इतरांना शिकवेल, नसेल तिथे अधीक्षिका शिकेल. दुसरा आक्षेप परिचारिकांचा स्वतःचा असतो आणि त्यात दुखावलेपण असते: आम्ही तीन वर्षे जीएनएम केले, आता बघायला शिकायचे? त्याचे उत्तर मानाने दिले पाहिजे. तीन वर्षांत बालविभागातली पाळी थोडी असते, आणि तिथे दिसते ते आधीच दाखल झालेले मूल. त्याचे निदान खाटेच्या कागदावर असते. शाळेत मूल निदानाशिवाय येते, शंभरांतली पंचाण्णव किरकोळ असतात असे गृहीत धरायची सवय लागते, आणि सल्ला विचारायला शेजारी कुणी नसते. शिवाय जीव वाचवण्याची कौशल्ये न वापरता काही महिन्यांतच गंजतात, हे डॉक्टरांच्या बाबतीतही सिद्ध झाले आहे. तेव्हा हा प्रश्न कुणाच्या ज्ञानाचा नाही, सरावाचा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी: अशाने परिचारिका घाबरट होतील, जरा दम लागला की गाडी, जरा चक्कर आली की तालुका, पालकांची मजुरी बुडेल, रुग्णालयात गर्दी होईल. हा धोका खरा आहे, आणि गाव ते तालुका अंतर तीस-चाळीस किलोमीटर असेल तिथे तो पैशांत मोजता येतो. पण प्रशिक्षण नसलेली व्यक्तीच अंदाजाने दोन्हीकडे चुकते: रडणाऱ्या मुलाला पळवते आणि शांत पडलेल्याला झोपू देते. पद्धत शिकलेली परिचारिका ‘हे मूल स्थिर आहे’ असेही कारणांसह म्हणू शकते. त्यासाठी पुस्तिकेत मधली पायरी ठेवली आहे: धोका नाही पण शंका आहे, अशा मुलाला एकटे झोपवायचे नाही, पंधरा मिनिटांनी तेच तीन निकष पुन्हा पाहायचे, श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि आकडा वेळेसह लिहायचा. दोन आकड्यांमधला फरक एका आकड्यापेक्षा जास्त सांगतो. उरलेल्या चुकांचे वजनही सारखे नाही. विनाकारण गेलेली एक फेरी दिवस बुडवते. न गेलेली एक फेरी परत आणता येत नाही.

चौथा आक्षेप यादीचा आहे: दमा, फिट, मधुमेह असलेल्या मुलांची यादी करा, त्यांच्यावर लक्ष ठेवा, पुरे. यादी हवीच, मधुमेही मुलाची साखर उतरून ते घामाघूम, चिडचिडे, गोंधळलेले झाले तर शुद्धीवर असताना तीन चमचे साखर देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली तर थांबायचे नाही, हे त्या यादीशेजारीच लिहिलेले असावे. पण यादी अपुरी पडते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दोन शैक्षणिक वर्षांत शाळांमध्ये जीवघेण्या अ‍ॅलर्जीसाठी ११५ वेळा अ‍ॅड्रेनॅलिन द्यावे लागले. त्यांपैकी २४ टक्के वेळा त्या व्यक्तीला अशी अ‍ॅलर्जी असल्याचे शाळेत आधी कुणालाच माहीत नव्हते. संकट यादीतले नाव विचारून येत नाही. पाचवा आक्षेप कायद्याचा: औषध दिले आणि काही झाले तर? या पुस्तिकेतल्या बहुतेक कृतींना औषध लागतच नाही. पाहणे, मोजणे, बसवणे, कुशीवर वळवणे, १०८ ला फोन करणे यासाठी कुठल्या परवानगीची गरज नाही. औषध लागेल तिथे डॉक्टरांचा लेखी, आधीच सही केलेला आदेश शाळेत असायला हवा, आणि तो मिळवणे हे मुख्याध्यापकांचे काम आहे, संकटाच्या वेळी परिचारिकेचे नव्हे.

शेवटी पैशांचा मुद्दा. प्रशिक्षणापेक्षा रुग्णवाहिका वाढवा, असे म्हटले जाते. राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि तिने फरक पाडला आहे. पण गाडीचे घड्याळ फोन लागल्यावर सुरू होते. मुलाचे घड्याळ त्याआधीच सुरू झालेले असते. या दोन घड्याळांमधले अंतर कमी करायला एका दिवसाचे भाषण उपयोगी नाही. दर दोन-तीन महिन्यांनी अर्धा तास, पडद्यावर आवाज न देता दाखवलेले मुलांचे छोटे चित्रण, ‘धोक्यात की स्थिर’ हे आधी कागदावर लिहायचे आणि मग बोलायचे, अशी उजळणी हवी. सोबत फोनवरचे वाक्यही घोकून घ्यावे. ‘एका मुलीला बरे वाटत नाही’ या वाक्याने समोरची व्यक्ती हलत नाही. ‘वय दहा, पहाटेपासून पोटदुखी, आता पापण्या मिटतात, गिळता येत नाही, एका श्वासात सहापर्यंतच मोजते, तासापूर्वी पंधरापर्यंत मोजत होती’ हे ऐकणारा खुर्चीतून उठतो. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द कुणीतरी पाहून, वेळ टाकून लिहिला असेल तरच ते बोलता येते. म्हणून या पुस्तिकेची पहिली मागणी अगदी स्वस्त आहे. पुढचे रजिस्टर छापताना ‘तक्रार’ आणि ‘औषध’ यांच्या मधे एक रुंद रकाना आखा, त्यात वेळ लिहायला जागा ठेवा, आणि त्याच्या डोक्यावर छापा: मूल कसे दिसते आहे?